खोलीचा आवाज

नणंदेच्या शाळेच्या फाटकापाशी वर्गबाईंनी तिला हाक मारून थांबवलं, तेव्हा तिच्या कडेवर तिचा लहानगा गोटू होता आणि तो तिच्या कानातलं ओढत होता. त्यामुळे बाईंचं बोलणं आपल्या अर्ध्याच कानावर पडलं, अशी ती पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घालत राहिली. पण तसं नव्हतं. तिने सगळं नीट ऐकलं होतं.

बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या नणंदेला हल्ली फार लागतं. आपल्याला ज्यात काही वाटणार नाही अशा गोष्टीनेही लागतं. घरी कुणी ते हसण्यावारी नेऊ नका. या वयात मेंदूतला भावना उसळवणारा भाग आधी जोरात कामाला लागतो, आणि त्यांना आवर घालणारा भाग मागाहून, सावकाश, पार विशी उलटून जाईपर्यंत घडत राहतो. नाटक करत नाहीत ही मुलं. त्यांना खरंच तेवढं होत असतं.

"अहो बाई, त्या वयात आपणही अशाच होतो की," ती हसून म्हणाली होती.

"होतो," बाई म्हणाल्या. "पण ते तुम्हाला आठवतंय, की नुसतं माहीत आहे?"

गोटूला भूक लागलीय म्हणून तिने पाय उचलला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो हात धुता धुता म्हणाला, "म्हणजे मोटर बसवलीय आणि ब्रेक अजून यायचाय. आमच्याकडे अशी लिफ्ट चालूच करत नाहीत." तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याला शेवटी लिफ्टसारखीच दिसायची. दोघंही हसले. आतल्या खोलीत नणंद होती. दार उघडं होतं की बंद, हे नंतर दोघांनाही आठवेना.

घरात तिला वहिनी म्हणत. नणंदेची ती वहिनीच. पण नवराही चिडवायला तेच म्हणायचा, आणि त्याचं ऐकून जिन्यातले शेजारीही. नणंदेला मात्र तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. लहानपणी तोंडाचा पट्टा असा काही सुटायचा की भावाने तिचं नाव टिटवी पाडलं, आणि पंधरा वर्षांची झाली तरी ते सुटलं नाही. सासऱ्यांची बदली झाली तेव्हा सासू त्यांच्याबरोबर गेल्या, आणि शाळा मध्येच मोडायला नको म्हणून टिटवी भावाकडे राहिली. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत नवरा-बायको आणि वहिनीचं कामाचं टेबल, आतल्या खोलीत गोटूचा पाळणा आणि भिंतीला लागून टिटवीची खाट. पाळणा मधूनच हलवायला कुणीतरी हाताशी असेल, असाही वहिनीचा एक हिशेब होता. खोटं कशाला बोला.

वहिनीचं काम घरूनच चालायचं. लोक पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि ती ते आवाज साफ करून द्यायची. वाचताना घेतलेले श्वास, ओठांची चुटपुट, गिळलेली थुंकी, पान उलटल्याची सळसळ, हे सगळं तिने काढायचं. त्यातली एक गोष्ट ती नवख्या माणसांना कौतुकाने सांगायची. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. पंख्याचा, भिंतीपलीकडच्या नळाचा, रस्त्याचा. वाचन सुरू होण्याआधी सगळ्यांनी गप्प बसायचं आणि नुसता तो खोलीचा आवाज मुद्रित करून घ्यायचा. मग संगणकाला दाखवायचं, की बाबा रे, हा असा आवाज जिथे जिथे सापडेल तिथून वजा कर. संगणक शहाण्या मुलासारखा ऐकतो. उरतो तो फक्त माणसाचा शब्द, धुऊन वाळवल्यासारखा.

तर त्या वर्षी सुट्टीनंतर शाळा उघडली, आणि टिटवीची मैत्रीण तिच्या बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर गेली.

एवढंच झालं होतं. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसत. भांडण नाही, तंटा नाही. पहिल्या दिवशी टिटवी वर्गात आली तर मैत्रीण पलीकडे, दुसऱ्या मुलींमध्ये. विचारलं तर म्हणाली, मला खिडकीजवळ बसायचं होतं. टिटवी घरी आली, दप्तर टाकलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भावाने तोडगा काढला, मग तूही जाऊन खिडकीत बस की, खिडकी काय तिच्या बापाची आहे. त्यावर ती त्याच्याकडे असं काही बघत राहिली, की तो उगाच पक्कड शोधायला बाहेरच्या खोलीत निघून गेला.

वहिनीने सुरुवातीला मायेने घेतलं. जवळ बसली, केसांवरून हात फिरवला. कॉलेजातल्या आपल्या मैत्रिणींचं सांगितलं, की बघ, जिवाभावाच्या होत्या, आज एकीचाही नंबर माझ्याकडे नाही आणि माझं काही अडत नाही. हे ऐकून टिटवी आणखीनच रडायला लागली. वहिनीला कळेना, धीर देतोय आणि ही का बिथरतेय.

मग ते रोजचं झालं. दुपारी शाळेतून यायचं, दार लोटून घ्यायचं आणि उशीत तोंड खुपसून रडायचं. मोठ्याने नव्हे. गोटू झोपलेला असायचा, त्याला जाग येऊ नये एवढी समज त्या रडण्यातही होती.

पण ते वहिनीला ऐकू यायचं. गोटूच्या पाळण्याशेजारी संत्र्याएवढं एक पांढरं यंत्र ठेवलेलं होतं, आणि त्याचा जोडीदार वहिनीच्या टेबलावर. कानावर हेडफोन चढवले की घरात दरोडा पडला तरी तिला पत्ता लागणार नाही, म्हणून बाळ जन्मल्याबरोबर तिने ते घेतलं होतं. आतल्या खोलीत आवाज झाला की टेबलावरच्या यंत्रावर बारीक दिवे चढत जायचे, हिरवे, मग पिवळे, मग लाल, आणि आतला आवाज त्यातून ऐकू यायला लागायचा. दिवे चढले की वहिनी हेडफोन फेकून आत धावायची. बघते तर गोटू पालथा पडून शांत झोपलेला, आणि भिंतीकडे तोंड केलेली टिटवी.

"काय झालं गं?"

"काही नाही."

ती परत यायची, हेडफोन लावायची, वाक्य पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. तेवढ्यात दिवे चढायचे. पुन्हा आत. पुन्हा काही नाही. त्या आठवड्यात तिच्याकडे एका दमेकरी गृहस्थाने वाचलेली जाडजूड कादंबरी होती. दर अर्ध्या ओळीला श्वास, आणि प्रकाशकाचे फोनवर फोन. गोटूला दात येत होते. घर तिच्या अंगावर येत होतं.

त्या यंत्राला एक बटण होतं. बाळ झोपलेलं असताना ते दाबून धरायचं, मग यंत्र खोलीचा नेहमीचा आवाज ऐकून शिकून घ्यायचं आणि पुढे त्याची दखल घ्यायचं नाही. कुणाच्या खोलीत पंखा कुरकुरत असेल, कुणाची खोली रस्त्यालगत असेल, त्यांची त्याने रात्रंदिवस घालमेल होऊ नये म्हणून केलेली सोय ती. दुसरी कुठली आई असती तर तिने यंत्राचा आवाज बारीक केला असता, नाहीतर वैतागून बंदच केलं असतं. वहिनीच्या हातात मात्र रोजचं काम मुरलेलं होतं. तिने विचारसुद्धा केला नाही. आत रडणं चालू होतं, गोटू झोपला होता, दिवे पिवळ्यावर होते. तिने बटण दाबून धरलं. दिवे थोडा वेळ थरथरले आणि एकेक करून विझले.

मग ती निवांत कामाला लागली. कादंबरी वेळेत गेली.

आणि खरंच, घर शांत झालं. दुपारच्या दुपारी दिवे विझलेले. गोटू रडला तरच चढायचे. टिटवी जेवायला येऊ लागली, पानातलं खाली मान घालून संपवू लागली, भावाने चिडवलं तर ओठ जरासे हलवूही लागली. सासूंचा फोन आला तेव्हा वहिनीने अगदी मनापासून सांगितलं, आता बरी आहे हो ती, त्या बाकाचं खूळ गेलं डोक्यातून. सासूंनी सुटकेचा श्वास सोडला, तो फोनवर स्पष्ट ऐकू आला. तसले श्वास काढून टाकायची सवय असल्याने वहिनीला ते जरा जास्तच जाणवलं.

पण शांत घरात काहीतरी बिनसलं होतं. वहिनीला ते नेमकं सांगता आलं नसतं. कामाच्या मध्येच तिला वाटायचं, आतल्या खोलीतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. वळून पाहावं तर दार लोटलेलं. हेडफोन काढावेत, तर पंख्याची घरघर आणि पलीकडच्या घरातला नळ. पुन्हा लावले की मानेवरचे केस उभे राहायचे. नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, तू दिवसभर लोकांचे श्वास कापतेस, त्यातला एखादा मागे राहिला असेल घरात. विनोदच होता, पण ती हसली नाही.

मग गोटूचं ते सुरू झालं.

पहिल्यांदा तिने पाहिलं तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन भरवत होती. खाता खाता तो थांबला. त्याची छोटी छाती आत खेचली गेली, एकदा, पुन्हा, आणि पुन्हा, तुटत तुटत, जसा हुंदका संपल्यावर श्वास येतो तसा. ओठ थरथरले. डोळे कोरडे होते. मग तो एकदम हसला आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

वहिनीने त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तिला वाटलं, काही अडकलं असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खेळता खेळता तो आतल्या खोलीच्या भिंतीकडे बघायचा, खाटेच्या त्या कोपऱ्याकडे, आणि तो श्वास घ्यायचा. रडणं नव्हतं ते. कुणीतरी दुसरंच रडून गेल्यावर मागे राहिलेलं काहीतरी त्याच्या छातीत शिरल्यासारखं होतं. हसऱ्या, दुधाच्या तोंडाच्या बाळाला असा म्हातारा श्वास. तिने दोनदा त्याचा अंगरखा वर करून छाती पाहिली. एकदा तर झोपेत घेतला त्याने तो श्वास, आणि त्या भर दुपारच्या उजेडात तिला आतल्या खोलीत एकटीने उभं राहवेना.

बाळांच्या डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला, गालाला चिमटा काढला आणि म्हणाले, ठणठणीत आहे, नक्कल करतोय. या वयात जे सारखं कानावर पडतं त्याची नक्कल करतात. मागे एका बाळाला आमच्याकडे आणलं होतं, ते आजोबांसारखं खाकरायचं. घरात कुणाला काही त्रास आहे का?

वहिनी म्हणाली, कुणालाच नाही.

घरी येऊन ती कामाला बसली. एका बाईने वाचलेली कथा होती, त्यात एक प्रसंग रडण्याचा. वाचणारी कसलेली होती, खरंच रडली होती. वाक्य संपलं आणि नंतर तो श्वास आला. तुटत तुटत, आत खेचलेला. वहिनीने सवयीने तेवढा तुकडा निवडला, काढून टाकायला बोट उचललं, आणि बोट तसंच हवेत राहिलं.

तिने तो पुन्हा ऐकला. मग टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. दिवे विझलेले होते. आत टिटवी शाळेतून येऊन पडलेली होती. कितीतरी दिवसांत त्या यंत्राने टिटवीचा साधा खोकलासुद्धा ऐकवला नव्हता.

आपण काय केलंय ते तिला तेव्हा कळलं. तिने बटण दोनदा दाबून यंत्राला शिकवलेलं विसरायला लावलं. तिने हेडफोन काढून ठेवले आणि यंत्र कानाशी नेलं.

आधी हिरवे दिवे. मग पिवळे. आणि मग तिच्या हातात, तिच्याच कानाशी, ती खोली बोलायला लागली. रडणं आता पूर्वीसारखं नव्हतं. त्यात रागही नव्हता, तक्रारही नव्हती. एखादं काम उरकावं तसं ते चाललं होतं. मग थांबलं, तो श्वास आला, आणि टिटवी अगदी हळू आवाजात गोटूशी बोलू लागली.

"ऐक ना गोटू. मी नसले ना इथे, तर मला शोधू नकोस हं. तू लहान आहेस. तुझ्या लक्षातसुद्धा राहणार नाही."

वहिनी दारावर आदळलीच जाऊन. टिटवी खाटेच्या कडेला बसली होती, एक हात पाळण्यात, गोटूच्या मुठीत तिचं बोट. ती दचकली नाही. तिने वर पाहिलं, आणि चेहऱ्यावर आश्चर्य होतं, नुसतं आश्चर्य.

"आज आलीस?" ती म्हणाली.

वहिनीने तिला घट्ट धरलं आणि तिच्या तोंडाला येईल ते ती बोलत सुटली. मला माहीतच नव्हतं गं. मला ऐकूच येत नव्हतं. ते दिवे सारखे चढायचे, माझं काम राहायचं, म्हणून मी त्याला शिकवलं होतं. मला वाटलं तू बरी झालीस. स्वतःला सोडवण्यासाठी ती हे सगळं बोलत होती, आणि बोलता बोलताच तिला जाणवलं की मिठीतलं ते हडकुळं अंग ताठ होत चाललंय.

टिटवीने तिला हाताने बाजूला केलं.

"म्हणजे माझं रडणं तू खोलीचा आवाज म्हणून शिकवलंस," ती म्हणाली. ओरडली नाही. नीट समजून घेतल्यासारखी म्हणाली. "मला वाटायचं, तुला ऐकू येतंय आणि तू येत नाहीयेस. मी मुद्दाम मोठ्याने पण रडून बघितलं एकदा."

वहिनी खाली बसली. गोटू जागा होऊन रडायला लागला, खरंखुरं, भोकाड पसरून. तिने त्याला उचललं, थोपटलं, खिडकीशी नेलं. तेवढ्या वेळात टिटवी खोलीतून बाहेर गेली. न्हाणीघराकडे गेली असेल, तोंड धुवायला, असं वहिनीला वाटलं. गोटू गप्प झाल्यावर ती बाहेर आली. न्हाणीघराचं दार सताड उघडं. टिटवीच्या चपला उंबऱ्याशी होत्या, त्यामुळे क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग दिसलं की घराचं दार नुसतं टेकवलेलं आहे, आणि दारामागच्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा जागेवर नाही.

नवऱ्याचा जादा जुडगा तो. त्यात लिफ्ट आतून बंद-चालू करायची किल्ली होती, आणि गच्चीचीही.

गोटूला छातीशी दाबून ती जिन्याकडे धावली. लिफ्टचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. ती पायऱ्या चढू लागली. नवऱ्याला फोन लावला, काय बोलली ते तिचं तिलाही कळलं नाही. गच्ची, गच्ची, एवढाच शब्द डोक्यात होता. तिने आयुष्यात देवाला कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होती, आणि तेही धड वाक्यात नाही.

मधल्याच एका मजल्यावर ती लिफ्टच्या दारावरून पुढे गेली आणि थबकली. दाराला काचेची उभी चीर होती. तिच्यातून उजेड येत होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली होती, आणि चिरेतून, वहिनीच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन अनवाणी पाय दिसत होते. मातकट टाचा, एका अंगठ्यावर शाईचा डाग. चेहरा वर, काचेच्या पलीकडे कुठेतरी.

ती दाराला टेकून खाली सरकली. फोनवर नवऱ्याला म्हणाली, लिफ्टमध्ये आहे. पलीकडून त्याने एकदाच खोल श्वास घेतला. मग म्हणाला, ती आत आहे तोवर काही होणार नाही, दोर पक्के आहेत, कुणाला दार ओढू देऊ नकोस, मी येतो. एकही विनोद न करता फोन ठेवला त्याने.

"टिटवी," वहिनी म्हणाली. "मी इथे आहे."

पाय हलले नाहीत.

होईल गं सगळं ठीक, हे तिच्या ओठांवर आलं होतं. लहानपणापासून तिला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, तीही सगळ्यांना तेच सांगत आली होती. तिने ते गिळलं.

"कसं होतंय, सांगशील?"

"कशाला? काढून टाकशील."

"नाही काढणार."

वरच्या मजल्यावरचे काका खालून आले, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. लिफ्टकडे बघून म्हणाले, पुन्हा बंद? लिफ्टवाला बिल्डिंगमध्ये राहतो आणि आपल्या नशिबी हा जिना. वहिनीने ओठांवर बोट ठेवलं. काकांची नजर काचेकडे गेली. पाय दिसले. त्यांचं तोंड उघडलं तसंच मिटलं, आणि ते पिशव्या छातीशी धरून, आवाज होऊ नये म्हणून एकेक पायरी पाऊल तिरकं टाकत वर गेले.

मग लिफ्टमधून आवाज आला.

"वहिनी, इथे छातीत कुणीतरी दार आपटत असल्यासारखं होतं. थांबतच नाही. वर्गात पण, जेवताना पण. ती म्हणाली खिडकी हवी होती. खिडकी आमच्या बाकाला पण होती. दादा म्हणतो, मोठी झाल्यावर हसशील यावर. तू म्हणालीस, तुझं काही अडत नाही. तुम्ही सगळे नंतरचंच सांगता. आज दुपारी मी काय करू, ते सांगा ना कुणीतरी."

तिथे, त्या थंड फरशीवर बसून, वहिनीला फाटकापाशी बाईंनी विचारलेलं एकदम उमगलं. तिला आठवत नव्हतं. तिला नुसतं माहीत होतं. तिच्या मागे उभी होती आजवर संपलेली सगळी दुःखं, रांगेने, साक्षीदारासारखी, की हेही संपेल. या पोरीच्या मागे कुणीच नव्हतं. तिला हे पहिल्यांदा होत होतं, आणि जे पहिल्यांदा होतं ते संपतं की नाही, हे माणसाला कुठून कळणार?

तिने गोटूच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि जे विचारायची तिला सगळ्यात भीती वाटत होती तेच विचारलं.

"टिटवी, तुला मरावंसं वाटतं का?"

लिफ्टमध्ये काहीतरी किणकिणलं. किल्ल्या असाव्यात.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज फुटला. "हे थांबावं असं वाटतं. काहीच थांबत नाही, म्हणून ही थांबवली."

"बरं केलंस," वहिनी म्हणाली. "आज दुपारचं मलाही काही सुचत नाहीये. पण मी उठणार नाही इथून. तुला वाटेल तेवढं रड. मी ऐकतेय."

आणि ती रडली. जिना भरून गेला. कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, ऐकलं, मिटलं. वहिनीने कान झाकले नाहीत, मध्ये बोलली नाही, गोटूलाही गप्प केलं नाही, तो आपला काचेवर हात आपटत राहिला. तिला ते सोसवत नव्हतं. अंगातलं प्रत्येक हाड म्हणत होतं की काहीतरी बोल, कमी कर हे. ती नुसती बसून राहिली.

खाली फाटकाशी नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला, त्याच सुमारास लिफ्टमध्ये किल्ली फिरली. घरघर झाली आणि ते पाय काचेतून हळूहळू खाली उतरले. मग गुडघे, मग हात, मग सुजलेला, भिजलेला, पंधरा वर्षांचा चेहरा. दार उघडलं. नवरा जिने चढून धापा टाकत वर आला तेव्हा दोघी फरशीवरच बसलेल्या होत्या. त्याने जुडगा मागितला नाही. हाताचं तेल पँटला पुसलं आणि बहिणीच्या पलीकडच्या बाजूला बसला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. टिटवी आता मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. सासूबाई येऊन राहिल्या आहेत. गच्चीची किल्ली नवऱ्याच्या खिशात असते, झोपतानाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवस दार पुन्हा आतून लोटलेलं असतं, आणि मैत्रीण अजून त्या दुसऱ्याच बाकावर बसते. वहिनी भर कामातून उठते आणि आत डोकावते. कधी कधी टिटवी पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "जिवंत आहे गं मी, जा, तुझे श्वास काप." वहिनी हसते. पण परत टेबलाशी येईपर्यंत तिला पुन्हा आत जाऊन बघावंसं वाटलेलं असतं, आणि हे आता आयुष्यभर असंच चालणार, हे तिने मान्य केलंय.

तुमच्या घरातही कुणीतरी शाळेतून येऊन आतल्या खोलीत गेलेलं असेल. किंवा शेजारच्या घरात, भावाच्या घरात, जिथे तुमचा फोन लागू शकतो तिथे. घर शांत आहे म्हणून तुम्ही हे इतका वेळ वाचू शकलात. आता वाचायचं काही उरलेलं नाही. उठा आणि जरा बघून या.